दोन फांद्यांतला एकच लोड वर उचलताना: एका एलएलव्हीएम पासच्या प्रकल्प नोंदी

काम ऐकायला सोपं आहे. ‘इफ’च्या दोन्ही फांद्या एकाच पत्त्यावरून तीच व्हॅल्यू वाचत असतील, तर ते वाचन (‘लोड’) ब्रांचच्या, म्हणजे फांद्या फुटतात त्या जागेच्या, आधी एकदाच करायचं आणि दोन्हीकडे तेच वापरायचं. जीसीसी या कंपायलरमध्ये हे ‘कोड होइस्टिंग’ या नावानं आवृत्ती ७ पासून ओ-२ या ऑप्टिमायझेशन पातळीला आपोआप चालतं. एलएलव्हीएम या कंपायलर-संचात याच कामासाठी २०१६ पासून ‘जीव्हीएन-होइस्ट’ नावाचा पास, म्हणजे कोड सुधारणारा एक टप्पा, आहे, पण डीफॉल्टला तो बंद असतो. तो बंद का, हे मला स्वतः लिहून बघायचं होतं. हातात पास राहिला तर उत्तमच. असाच पास लिहायला घेणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून नोंदी ठेवतोय. सिद्धांत कुठल्याही कंपायलरच्या पुस्तकात मिळेल, इथे फक्त अडलं कुठे तेवढंच.

४ फेब्रुवारी

दिवस बिल्डमध्ये गेला. एलएलव्हीएमचा पूर्ण डीबग बिल्ड करायला घेतला आणि लिंकिंगला मशीनची रॅम संपली. एकाच वेळी चारपाच लिंकर चालू होतात आणि प्रत्येक जण गीगाबाइटांनी मेमरी खातो. शेवटी ठरलेली सेटिंग्ज: रिलीज बिल्ड पण असर्शन (आतल्या तपासण्या) चालू, टार्गेट फक्त एक्स८६, लिंकर एलएलडी, समांतर लिंक जॉब एक. असर्शन मात्र बंद करू नका. पुढच्या निम्म्या चुका त्यांनीच पकडल्या.

पास मुख्य झाडात न घालता प्लगइन म्हणून लिहितोय, म्हणजे पास चालवणाऱ्या ‘ऑप्ट’ या टूलला बाहेरून जोडता येतो. बदल केल्यावर एकच फाइल कंपाइल होते.

६ फेब्रुवारी

आधीच काय होतं ते तपासलं. ‘सिम्प्लिफाय-सीएफजी’ हा एलएलव्हीएमचाच पास दोन्ही फांद्यांच्या सुरुवातीपासून जोडीनं चालत जातो आणि सारख्या इन्स्ट्रक्शन वर उचलतो. मधे वेगळ्या इन्स्ट्रक्शन आल्या तर काही ओलांडतो, मर्यादा २०. पण फांदीत लोडच्या आधी एखादं स्टोअर (मेमरीत लिखाण) असलं की लोड उचलायचं थांबवतो. त्याच्याकडे अलायस ॲनालिसिस, म्हणजे दोन पत्ते एकाच जागेचे असू शकतात का याचं विश्लेषण, नाही. ते स्टोअर त्याच पत्त्यावर आहे की भलत्याच, हे त्याला कळत नाही, त्यामुळे हात न लावणं हेच त्याच्या दृष्टीनं बरोबर.

माझी जागा तीच. डाव्या फांदीत एका फ्लोट ॲरेत लिहिलंय आणि मग रेकॉर्डची लांबी, एक इंट, वाचलीय. उजव्या फांदीत दुसऱ्या फ्लोट ॲरेत लिहून तीच लांबी वाचलीय. फ्लोटमध्ये लिहिल्यानं इंट बदलत नाही हे टाइपवरून कळतं, तेव्हा लोड स्टोअरच्या वर नेता येतो. (‘नो स्ट्रिक्ट अलायसिंग’ दिलंत तर ही माहिती जाते आणि पास गप्प बसतो. माझ्या एका टेस्टमध्ये काहीच घडेना, तेव्हा मेकफाइलमध्ये हा फ्लॅग सापडला.)

९ फेब्रुवारी

पहिली आवृत्ती चालली. पद्धत अशी: एका ब्लॉकला (सलग चालणाऱ्या कोडच्या तुकड्याला) दोन वारस, प्रत्येक वारसाला तोच एक पूर्वज. डावीकडचे लोड पत्ता आणि टाइप या जोडीनं एका मॅपमध्ये टाकायचे, उजवीकडे तीच जोडी शोधायची. जुळली की मेमरी-एसएसएला, म्हणजे मेमरीतल्या लिखाण-वाचनांच्या नकाशाला, विचारायचं, ‘या लोडला अडवणारं सगळ्यात जवळचं लिखाण कुठलं?’ दोन्ही लोडचं उत्तर एकच आलं आणि ते लिखाण ब्रांचच्या वर असलं, की लोड उचलायला मोकळा. व्होलाटाइल आणि ॲटॉमिक लोड सुरुवातीलाच वगळले, त्यांच्या वाटेला जायचं नाही.

दोन गोष्टी लगेच अडल्या. लोड हलवला पण मेमरी-एसएसएला कळवलं नाही, तर पुढचा पास जुन्या नकाशावर चालतो. त्याच्या अपडेटरकडून लोडची नोंद ‘टर्मिनेटरच्या (ब्लॉकच्या शेवटच्या इन्स्ट्रक्शनच्या) आधी’ या जागी हलवायची आणि दुसऱ्या लोडची नोंद काढून टाकायची. तपासणीचा फ्लॅग चालू ठेवला तर चूक त्याच क्षणी कळते, नाहीतर पुढच्या भलत्याच पासवर संशय येतो. दुसरी गोष्ट किरकोळ: ब्लॉकवरून फिरतानाच इन्स्ट्रक्शन काढल्या तर इटरेटर तुटतो, त्यामुळे पुढचा पत्ता आधी धरून ठेवणारी रेंज वापरा.

एक मर्यादा आत्ताच लिहून ठेवतो. मेमरी-एसएसएचा वॉकर (अडवणारं लिखाण शोधणारा भाग) डीफॉल्टला १०० लिखाणं तपासून हात टेकतो आणि सुरक्षित बाजूचं उत्तर देतो. मोठ्या फंक्शनमध्ये डोळ्यांना स्पष्ट दिसणारी जोडी सुटली तर आधी हे बघा.

१२ फेब्रुवारी

खऱ्या कोडवर चालवला आणि व्हेरिफायर (बदललेला कोड वैध आहे का बघणारा भाग) ओरडला: ‘इन्स्ट्रक्शन डझ नॉट डॉमिनेट ऑल यूजेस’. लोड वर गेला, पण त्याचा पत्ता काढणारी इन्स्ट्रक्शन फांदीतच राहिली. हातानं लिहिलेल्या टेस्टमध्ये पत्ता थेट पॉइंटर होता म्हणून हे दिसलं नव्हतं. खऱ्या कोडमध्ये बहुतेक वेळा स्ट्रक्टचं फील्ड नाहीतर ॲरेचा घटक असतो, आणि प्रत्येक फांदी आपापला पत्ता काढते. त्यामुळे पहिली आवृत्ती खऱ्या कोडवर कमी ठिकाणी लागत होती, आणि लागली तिथे मोडत होती.

उपाय म्हणून जीईपी (पत्ता काढणारी इन्स्ट्रक्शन) हाही जोडीनं जुळवून आधी तो उचलतो आणि मग लोड. इथे जीईपीच्या ‘इनबाउंड्स’ (पत्ता हद्दीत आहे) या खुणेकडे लक्ष द्या. एका फांदीत ती असेल आणि दुसऱ्या फांदीत नसेल, तर वर गेलेल्या जीईपीवरून ती काढावी लागते.

पत्त्याचे ऑपरंडही फांदीत असतील तर साखळी वाढत जाते. मी एका पायरीवर थांबलो. जीव्हीएन-होइस्ट यापेक्षा खोल जातो, आणि तो कोड वाचल्यावर एका पायरीवर थांबणं शहाणपणाचं वाटलं.

१५ फेब्रुवारी

एक टेस्ट प्रोग्राम थेट सेगफॉल्टनं पडला. कोड असा होता: पॉइंटरचे खालचे चार बिट शून्य आहेत का बघ. असतील तर चार फ्लोट अलाइन्ड लोडनं वाच, नसतील तर अनअलाइन्ड लोडनं. एसआयएमडी (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकडे हाताळणाऱ्या) कोडमध्ये हा साचा जागोजागी दिसतो.

पत्ता एक, टाइप एक, मधे लिखाण नाही. पासच्या नजरेत आदर्श जोडी. त्यानं डावीकडचा लोड जसाच्या तसा वर नेला आणि सोबत ‘अलाइन १६’ ही खूणही गेली. पुढे कोड जनरेटरनं इमानदारीत ‘मूव्ह-एपीएस’ काढली, आणि १६ नं भाग न जाणारा पत्ता आला की ती इन्स्ट्रक्शन फॉल्ट देते. त्या पत्त्याला १६ नं भाग जातो ही गोष्ट डाव्या फांदीत खरी होती, कारण तिथे पोचायची अटच ती होती. ब्रांचच्या वर ती खरी नाही.

एलएलव्हीएमचं ‘आयडेंटिकल आहे का’ हे तयार फंक्शन अलाइनमेंटही ताडून बघतं, म्हणून त्यात ही चूक होत नाही. मी पत्ता आणि टाइपवर जुळवत होतो, तेव्हा ही जबाबदारी माझ्याकडे आली. दुरुस्ती एका ओळीची: दोन्हींतली कमी अलाइनमेंट लावायची. मजा अशी की दुरुस्तीनंतर दोन्ही फांद्या हुबेहूब सारख्या झाल्या आणि पुढच्या पासनं ब्रांचच काढून टाकली. गेल्या कित्येक वर्षांच्या प्रोसेसरांवर अलाइन्ड डेटा ‘मूव्ह-यूपीएस’ या अनअलाइन्ड वाचनाच्या इन्स्ट्रक्शननं वाचला तरी वेगळा भुर्दंड नाही, त्यामुळे तोटाही नाही.

१६ फेब्रुवारी

कालचीच जात, पण जास्त वाईट, कारण प्रोग्राम पडत नाही. उत्तर चुकतं.

एका फांदीत बाइट बूलियन म्हणून वाचला होता, दुसरीत तोच बाइट साधा कॅरॅक्टर म्हणून. बूलियनच्या लोडवर क्लँग (एलएलव्हीएमचा सी/सी++ कंपायलर) ‘रेंज ० ते २’ असा मेटाडेटा लावतो, २ सोडून, म्हणजे व्हॅल्यू ० किंवा १ च. तो लोड मेटाडेटासकट वर गेला. मग कॅरॅक्टरच्या फांदीतली ‘१ पेक्षा मोठा आहे का’ ही तपासणी पुढच्या पासला निरर्थक वाटली आणि त्यानं ती उडवली.

यासाठी ‘कंबाइन-मेटाडेटा-फॉर-सीएसई’ हे तयार फंक्शन आहे, आणि ते मी वापरतही होतो. पण त्याला एक बूलियन पॅरामीटर लागतो: राहणारी इन्स्ट्रक्शन जागेवरून हलणार आहे का? माझ्याकडे तिथे ‘फॉल्स’ होतं. ‘फॉल्स’ कुठे चालतं, तर वरचा लोड जागेवर राहून खालचा काढायचा असतो तेव्हा. वरच्या लोडबद्दल जे खरं ते तिथे आधीच खरं असतं. इथे लोड हलतोय, म्हणून ‘ट्रू’. त्यानंतर रेंज, नॉन-नल, टीबीएए (टाइपवरून मिळणारी अलायसची माहिती) या सगळ्यांतलं दोन्हीकडे खरं असेल तेवढंच उरतं.

या दोन दिवसांनंतर एक सवय लावून घेतली. प्रत्येक टेस्टची आधीची आणि नंतरची आयआर (कोडचं कंपायलरमधलं मधलं रूप) अलाइव्ह-२ या पडताळणी टूलला देतो. बदल चुकीचा असेल तर ते ‘सोर्स इज मोर डिफाइन्ड दॅन टार्गेट’ म्हणतं आणि नेमकं कुठल्या इनपुटवर बिघडतं तेही दाखवतं. अलाइनमेंट आणि रेंज या दोन्ही चुका त्यानं मागाहून लगेच दाखवल्या. लहान फंक्शन द्या, मोठी दिलीत की सॉल्व्हर टाइमआउट होतो.

२१ फेब्रुवारी

सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली चूक. जरा सविस्तर लिहितो.

फंक्शनची डावी फांदी: आधी ‘तपासा’ नावाचं फंक्शन पॉइंटरवर चालतं, मग पॉइंटरमधून वाचन. उजवी फांदी: थेट वाचन. ‘तपासा’ काय करतं? पॉइंटर नल असेल तर मोकळ्या अनंत लूपमध्ये फिरत राहतं, नसेल तर परततं. एम्बेडेड कोडमध्ये असं मुद्दाम लिहितात: काहीतरी भयंकर बिघडलंय, आता इथेच फिरत राहा, वॉचडॉग येऊन रीसेट करेल.

हे फंक्शन मेमरीतलं काही वाचत नाही, लिहीत नाही. कंपायलरनं स्वतःच विश्लेषण करून त्यावर ‘मेमरीला स्पर्श नाही’ असा शिक्का मारला, आणि तो अगदी बरोबर आहे. मेमरी-एसएसएमध्ये अशा कॉलची नोंदच होत नाही. पासनं विचारलं, मधे काही अडवतं का? उत्तर आलं, नाही. लोड कॉलच्या वर गेला, ब्रांचच्याही वर गेला. पॉइंटर नल असताना पूर्वी प्रोग्राम गोल फिरत राहायचा, आता वाचायला जाऊन पडायला लागला.

मी दिवसभर मेमरी-एसएसएत चूक शोधत होतो आणि तिथे चूक नव्हतीच. प्रश्न मेमरीचा नव्हता. ‘दोन्ही फांद्यांत लोड आहे’ याचा अर्थ मी ‘दोन्ही वाटांवर लोड होतोच’ असा धरला होता. फांदीत शिरलेला प्रोग्राम लोडपर्यंत पोचेलच असं नाही. मधला कॉल परतला नाही, एक्झिट झाला, एक्सेप्शन फेकलं, तर लोड कधीच होत नाही, आणि तो वर नेणं म्हणजे न होणारं वाचन घडवून आणणं.

दुरुस्ती: ब्लॉकच्या सुरुवातीपासून लोडपर्यंतची प्रत्येक इन्स्ट्रक्शन ‘कंट्रोल पुढे नक्की देते का’ हे विचारायचं. त्यासाठीही तयार फंक्शन आहे. एकाचं जरी उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या ब्लॉकमधले त्यापुढचे सगळे लोड बाद. अपवाद एकच, पत्ता वाचायला सुरक्षित आहे हे वेगळ्या मार्गानं सिद्ध असेल तर, उदाहरणार्थ स्टॅकवरचा व्हेरिएबल.

एलएलव्हीएमच्या ‘जीव्हीएन’ या पासमध्ये लोड आधीच्या ब्लॉकमध्ये हलवणारा छोटा तुकडा आहे. तोही १०० इन्स्ट्रक्शनपर्यंत शोधतो आणि ‘इम्प्लिसिट कंट्रोल फ्लो’ची, म्हणजे कंट्रोल पुढे न जाण्याच्या छुप्या शक्यतेची, वेगळी चौकशी करतो. ती ओळ मी आधी वाचली होती आणि आपल्याला काय करायचंय म्हणून पुढे गेलो होतो.

टेस्ट लिहिताना ‘तपासा’ला ‘नो-इनलाइन’ लावा. इनलाइन झालं तर लूप फांदीतच येतो, आकार बदलतो, पास तिथे लागतच नाही आणि टेस्ट उगाच हिरवी दिसते.

२४ फेब्रुवारी

त्रिकोण. म्हणजे ‘एल्स’ नसलेला ‘इफ’: फांदीत एक लोड आणि फांदी जिथे परत मिळते तिथे तोच लोड. फांदीतून गेलं तर दोनदा वाचन, बाहेरून गेलं तर एकदा.

पारंपरिक पीआरईची (काही वाटांवरच दुहेरी होणारं काम काढण्याची) पद्धत म्हणजे बाहेरच्या कडेवर एक लोड घालायचा आणि खालचा काढायचा. पण ती कड क्रिटिकल आहे, वरच्या ब्लॉकला दोन वारस आणि खालच्याला दोन पूर्वज. तिथे काही घालायचं तर कड फोडून नवा ब्लॉक लागतो. मी ते टाळलं. दोन्ही वाटांवर वाचन होणारच असेल तर लोड सरळ ब्रांचच्या वर न्यायचा, ब्लॉक फोडायची भानगड नाही.

अट वाढते ती अशी: फांदीतल्या लोडनंतर त्याच फांदीत त्या पत्त्यावर लिखाण असेल, तर खालचा लोड वेगळी व्हॅल्यू वाचतो. इथे मेमरी-एसएसए चोख काम करतं. खालच्या लोडला अडवणारी गोष्ट म्हणून दोन वाटा जुळवणारा मेमरी-फाय समोर येतो, तो ब्रांचच्या वर नसतो, जोडी आपोआप नाकारली जाते. मला वेगळा कोड लिहावा लागला नाही. ‘कंट्रोल पुढे देते का’ ही तपासणी मात्र इथे संपूर्ण फांदीला आणि खालच्या ब्लॉकमधल्या लोडच्या आधीच्या भागालाही लावावी लागते.

२ मार्च

आता फायदा किती ते बघायला बसलो, आणि काही फंक्शन मोठी झालेली दिसली. एक लोड कमी करून कोड वाढतो कसा?

डिसअसेंब्ली बघितली. एक्स८६ मध्ये बेरजेचा एक ऑपरंड थेट मेमरीतून घेता येतो. डावीकडे ‘ॲड ईएएक्स, [आरडीआय]’, उजवीकडे ‘सब ईएएक्स, [आरडीआय]’. प्रत्येकी २ बाइट, एकूण ४. पासनंतर वर ‘मूव्ह ईसीएक्स, [आरडीआय]’ २ बाइट, आणि दोन्हीकडे रजिस्टरमधली बेरीज-वजाबाकी २-२ बाइट. एकूण ६. शिवाय एक रजिस्टर जास्त गुंतलं. आयआरमध्ये लोड एक स्वतंत्र इन्स्ट्रक्शन दिसतो, मशीनवर तो फुकटात दुसऱ्या इन्स्ट्रक्शनच्या पोटात बसलेला असतो.

पत्त्यात मोठं ऑफसेट असेल तर हिशेब उलटतो. ३२ बिटांच्या डिस्प्लेसमेंटसह तीच ॲड ६ बाइटची होते: आधी १२, नंतर ६ अधिक ४ म्हणजे १०. आर्म किंवा रिस्क-व्हीवर हा प्रश्नच नाही, तिथे लोड कायम वेगळाच असतो.

म्हणून एक चाळणी घातली. लोडचा दोन्ही फांद्यांत एकेकच वापर असेल, तो वापर फोल्ड होण्याजोगा (लोड पोटात घेण्याजोगा) असेल आणि टार्गेट एक्स८६ असेल, तर उचलायचं नाही. चाळणी ओबडधोबड आहे, कोड जनरेटर शेवटी काय करेल हे आयआरवरून नेमकं सांगता येत नाही. रजिस्टरांची ओढाताण वेगळीच. लोड जितका वर, तितकं रजिस्टर जास्त काळ अडकतं. एका लांब फांदीच्या शेवटचा लोड वर नेल्यावर दुसरी व्हॅल्यू स्टॅकवर स्पिल झाली. एक वाचन वाचवून एक लिहिणं आणि एक वाचणं पदरात. म्हणून फांदीत लोड किती खोल असावा यावरही मर्यादा ठेवली.

६ मार्च

वेग मोजला. सुटलेल्या वाचनाचा परिणाम बहुतेक ठिकाणी जाणवतच नाही. डेटा एल१ कॅशमध्ये असतो, आणि ब्रांचचा अंदाज बरोबर येत असेल तर प्रोसेसर फांदीतला लोड तसाही आधीच सुरू करतो. आपण वर नेला काय आणि खाली ठेवला काय, त्याला फरक पडत नाही.

फरक पडतो तो लोड गेल्यावर फांदीत नुसती अंकगणिताची एखादी इन्स्ट्रक्शन उरते तेव्हा. मग सिम्प्लिफाय-सीएफजी दोन्ही बाजू मोजून ‘सिलेक्ट’नं एक निवडतो, मशीनवर ‘सीमूव्ह’ (अटीनुसार व्हॅल्यू हलवणारी इन्स्ट्रक्शन) येते आणि ब्रांच जाते. इनपुट रँडम असताना ‘पर्फ स्टॅट’ या मोजणी टूलमध्ये ब्रांच-मिस (ब्रांचचे चुकलेले अंदाज) धाडकन खाली आले आणि लूप स्पष्टपणे वेगवान झाला. तेच इनपुट सॉर्ट करून दिलं तर जुनाच कोड सरस. सॉर्ट केलेल्या डेटावर ब्रांचचा अंदाज जवळपास कधीच चुकत नाही, तर सीमूव्हला दोन्ही व्हॅल्यू आणि अट तयार होईपर्यंत थांबावं लागतं.

त्यामुळे पासचं मूल्य इनपुटवर ठरतं, आणि ते कंपाइल करताना माहीत नसतं. प्रोफाइल डेटा असेल तर ब्रांचची वजनं बघून ठरवता येईल, तेवढं अजून केलेलं नाही. बेंचमार्क देताना एकच इनपुट दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास उडालाय.

फांदीत स्टोअर शिल्लक असेल तर ब्रांच जात नाही. म्हणजे ज्या साच्यासाठी हा पास लिहायला घेतला, लोडच्या आधी स्टोअर, तिथे पदरात पडतो तो फक्त कोडचा आकार. चालायचंच.

९ मार्च

उरलेली कामं.

डीबग माहिती: उचललेल्या लोडवर डाव्या फांदीचा ओळ क्रमांक राहिला तर डीबगर उजव्या फांदीत जातानाही डावीकडची ओळ दाखवतो. सॅम्पलिंग प्रोफाइल वापरत असाल तर न चाललेल्या फांदीच्या नावावर नमुने जमा होतात. दोन्ही लोकेशन एकत्र करणारं फंक्शन लावलं, ओळी वेगळ्या असतील तर ते ओळ ० देतं.

पासची जागा: पाइपलाइनमध्ये फार लवकर लावू नका. इनलाइनिंगच्या आधी लावून बघितला तर फांद्यांवर अवलंबून असलेली माहिती वापरणाऱ्या पुढच्या पासांचं नुकसान झालं. एलएलव्हीएमही सारख्या इन्स्ट्रक्शन उचलण्याचं काम उत्तरार्धासाठी राखून ठेवतो. सध्या व्हेक्टरायझरच्या (लूप एसआयएमडीत बदलणाऱ्या पासच्या) सुरुवातीच्या एक्स्टेन्शन पॉइंटवर ठेवलाय. लूपमधल्या सशर्त लोडला मास्क्ड (निवडक घटकच वाचणारा) लोड लागतो आणि नुसत्या एसएसई टार्गेटवर तो नाही, तेव्हा बिनशर्त झालेला लोड व्हेक्टरायझरच्या आधी मिळालेला बरा.

‘स्विच’ अजून हाताळलेला नाही. तिथे सगळ्या केसेसमध्ये आणि डीफॉल्टमध्येही लोड असेल तरच उचलता येतो, आणि खऱ्या कोडमध्ये डीफॉल्ट बहुधा एररकडे जातो. तो पुढच्या फेरीत, त्याआधी प्रोफाइलची वजनं.